कंपनीची हवा

चाकातील हवेविषयी मला काहीही कळत नाही, असे आमच्या इमारतीत सध्या बोलले जाते. बोलणारे कोण आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांचा उल्लेख मी येथे करणार नाही, कारण लेखनात संयम असावा या मताची मी आहे. मात्र जे घडले ते एकदा माझ्या शब्दांत सांगितले पाहिजे. इतरांच्या शब्दांत ते जिन्यावर रोज नव्याने घडते आहे.

गाडी ताब्यात मिळाली त्या सकाळपासून सुरुवात करते. गाडी मुलाच्या नावावर, रंग सूनबाईच्या पसंतीचा आणि ती घ्यायची हा निर्णय माझा. शोरूममध्ये टाय घातलेल्या एका गृहस्थाने लाल फीत कापण्यासाठी माझ्या हाती कात्री दिली, टाळ्या वाजवल्या आणि भिंतीकडे पाहत माझे अभिनंदन केले. मी अशा समारंभांनी हुरळून जात नाही. मी त्यास आरशांविषयी विचारले, दारांच्या रबराविषयी विचारले आणि शेवटी विचारले, “चाकांत हवा नीट भरलेली आहे ना?”

“कंपनीची हवा आहे, मॅडम,” तो म्हणाला. “फॅक्टरीतूनच भरून आलीय. अजून कोणी हातसुद्धा लावलेला नाही.”

या वाक्यावर मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यात माझी काही चूक झाली असे मला आजही वाटत नाही. चूक वाक्यात होती.

नवी वस्तू कारखान्यातून जशी येते तशीच वापरावी, हा आमच्या घरचा नियम आहे. आमच्या फ्रिजच्या दारावरील पारदर्शक कागद अजून शाबूत आहे. दिवाणखान्यातील घड्याळाच्या काचेवर ‘काच, सांभाळा’ अशी चिकटपट्टी आलेली होती, ती तशीच आहे. तिच्यामुळे नऊ ते अकरा या दरम्यानची वेळ अंदाजाने सांगावी लागते, पण काच सांभाळली गेली आहे. तेव्हा शोरूमच्या फाटकातून बाहेर पडण्यापूर्वीच मी जाहीर केले, की सीटवरील प्लास्टिक निघणार नाही आणि चाकांतील हवा कंपनीची आहे, तिला कोणी हात लावणार नाही.

घरी येईपर्यंत मात्र गाडी एकसारखी उसळत होती. रस्ता गुळगुळीत दिसत होता. तो तसा नाही, हे गाडी आम्हास पदोपदी पटवून देत होती. वाटेत एखादी आगकाडी पडलेली असती तर ती मी मणक्याने ओळखली असती.

“आई, टायर फार टणक वाटताहेत गं,” मुलगा म्हणाला. “थोडी हवा कमी करू का?”

“नवी चप्पल पहिले चार दिवस चावते. म्हणून काय तू तिचा अंगठा कापतोस?”

त्याने गिअर बदलला. सूनबाई खिडकीबाहेर पाहू लागली. आमच्या घरात मतभेद असेच मिटतात.

आता, आमच्यासारख्यांना गाडी कशाला हवी, असे कोणी विचारील. आम्हाला नकोच होती. ती ताईसाठी घेतली होती.

ताई माझी थोरली बहीण. मला ‘अगं’ म्हणू शकणारी जगात आता तेवढी एकच उरली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. कंबर दुखते, गुडघे दुखतात, आणि स्वभाव पूर्वीपासूनच दुखरा. गेल्या थंडीत ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. नळ कधीचा वाहतो आहे असे शेजारणीच्या लक्षात आले म्हणून दार उघडले गेले. त्या दिवसापासून मी एकच ध्यास घेतला, की ताईला आमच्याकडे आणायचे. खिडकीची खोली रिकामी केली. पलंग हलवला. ताईने टॅक्सी नाकारली, बसच्या पायऱ्या नाकारल्या. रुग्णवाहिकेत औषधांचा वास येतो म्हणून तीही नाकारली. “भाड्याच्या गाडीत कंबर मोडून घेऊ का मी?” हे तिचे शेवटचे कारण. म्हणून घरची गाडी घेतली. तेव्हा कारणे संपली आणि ती म्हणाली, “बरं, येते. पण ऐकून ठेव, धाकटे. माझ्या कंबरेला एक जरी धक्का बसला, तर मी तिथूनच मागे फिरेन.”

“सायीवरून जावं तशी जाशील,” असा शब्द मी दिला. ताईला दिला तो दिला, शिवाय साऱ्या इमारतीलाही दिला.

पहिल्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा ताई तयार होऊन खुर्चीत बसली होती. बॅग उंबऱ्याशी होती. मुलाने ती एका बोटावर उचलली.

“मावशी, किती हलकी बॅग आहे तुझी.”

“म्हाताऱ्या माणसाला लागतं काय रे?”

हे वाक्य मी सूनबाईकडे पाहून मनातल्या मनात पुन्हा म्हटले. दोन दिवसांच्या प्रवासाला सूनबाई जेवढे सामान नेते तेवढ्यात एक शाळा सुरू करता येईल.

ताईच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. मुलाने वेग अगदी कमी केला, हे मी शपथेवर सांगेन. गाडी आधी पुढून उडाली, मग मागून, आणि नंतर काहीतरी राहून गेले असे वाटून की काय, पुन्हा पुढून. सीटवरच्या प्लास्टिकने आपले काम चोख बजावले: ताई त्यावरून घसरत थेट माझ्या मांडीवर आली. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसत असे, ही आठवण त्या क्षणी दोघींनाही सुखावह वाटली नाही.

“धाकटे.”

“काय गं ताई?”

“ही तुझी साय का?” मग तिने मुलाच्या खांद्यावर टकटक केले. “वळव बाबा गाडी.”

घरी परतलो तो इमारतीच्या दारात शेजारी उभेच होते. त्यातले एक निवृत्त गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर राहतात. वेधशाळेत नोकरी केली म्हणून त्यांना सगळे ‘हवामान’ म्हणतात, आणि हवा म्हटली की तिच्यावर पहिला हक्क आपला, असे ते समजतात. त्यांनी चाकावर बोटाने टिचकी मारली, आकाशाकडे पाहिले आणि निदान केले.

“वहिनी, चाकात काही दोष नाही. सध्या बाहेरच्या हवेचा दाब उतरलाय. बाहेरची हवा ढिली पडली की आतली माजते. दाब चढला की आपोआप बसेल जागेवर.”

“कधी चढेल?”

“ते आम्हाला नोकरीत असतानाही नक्की सांगता येत नसे.”

समोरच्या घरातील वहिनी पुढे सरसावल्या. त्यांच्याकडे कधीही गाडी नव्हती. म्हणून त्यांची मते अगदी कोरी आहेत. “काकू, कंपनीची हवा काढू नका हो. आमच्या भावाने काढली, नि वॉरंटीच गेली.”

“हवेची?”

“सगळ्याचीच,” त्या म्हणाल्या, आणि सुस्कारा सोडला. त्यामागे काही कौटुंबिक इतिहास असावा, म्हणून मी खोलात गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन शोरूममध्ये गेले. टायवाल्या गृहस्थाने मला ओळखले नाही. फीत नसली की त्याला माणसे ओळखू येत नसावीत. “डिलिव्हरीनंतरचं सगळं सर्व्हिसला, मॅडम,” असे म्हणून त्याने एका काचेच्या खोलीकडे बोट दाखवले. तेथे एक बाई संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांनी गाडीचा क्रमांक टिपला, पडद्याकडे पाहिले, आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाल्या, “तुमची गाडी अजून आलेली नाही.”

“ती बाहेर उभी आहे. मी तिच्यात बसून आले.”

“असेल, आजी. पण सिस्टीममध्ये ती ट्रेलरवर आहे.”

“टायरमध्ये हवा फार आहे, तेवढी कमी करून द्या,” मुलगा मध्ये पडला.

“ट्रेलरवरच्या गाडीत जास्तच हवा लागते,” बाईंनी समजावले. “आठवडेच्या आठवडे एका जागी बांधलेली असते ना. टायर खाली दबून चपटे होऊ नयेत म्हणून कंपनी ठासून भरते. इथे उतरली की आम्ही तपासणी करतो, तेव्हा हवा कमी करून देतो.”

याचा अर्थ जी हवा मी आठवडाभर जपली, ती आमच्यासाठी नव्हतीच. ती ट्रेलरसाठी होती. दुसऱ्याच्या नावाची वस्तू आपल्या घरी यावी, आणि आपण ती पुसूनपासून ठेवावी, तसे मला झाले.

“मग आता करा तपासणी,” मी म्हणाले.

“तपासणी गाडी आल्यावर होते.”

“मग आली अशी नोंद करा.”

“नोंद तपासणीनंतर होते.”

मुलाने कपाळाला हात लावला. मी लावला नाही. साहेबांना बोलवा म्हटले. साहेब आले, त्यांनाही टाय होता, पण रुंद.

“मॅडम, तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि मी समजून चुकले, की आपले काम होणार नाही. “पण विचार करा, ट्रेलरवरच्या गाडीची हवा आम्ही कमी केली, नि तिला काही झालं तर जबाबदार कोण?”

“आणि मी तिच्यातून फिरते आहे त्याचे काय?”

“ते सिस्टीमला माहीत नाही. सिस्टीम अपडेट झाली की आम्हीच फोन करू.”

कोणी नियमाने बोलू लागले की माझा राग अर्ध्यावर येतो. हा दोष समजावा किंवा संस्कार. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “आई, कोपऱ्यावरच्या पंपावर दोन मिनिटांचं काम आहे.”

“आणि उद्या त्यांनी विचारलं, आमच्या ट्रेलरवरच्या गाडीची हवा कुणी काढली, तर? फोन येईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. पंपाचं नावसुद्धा काढायचं नाही.”

त्याच संध्याकाळी मी ताईला दूरध्वनी केला आणि सांगितले, की नादुरुस्त गाडीतील धक्का धक्क्यात मोजला जात नाही.

“बरं. एकदा आणखी,” ताई म्हणाली. “रविवारी. त्यानंतर नाव काढायचं नाही.”

फोन आला नाही. मंगळवारी आला नाही, बुधवारी आला नाही. गुरुवारी आला तो कोणी गालिचे धुऊन देणाऱ्याचा होता. त्याला मी जे बोलले ते खरे तर रुंद टायवाल्यांसाठी साठवलेले होते. खिडकीच्या खोलीतील पलंगावरची चादर मी दोनदा बदलली, कोणीही झोपलेले नसताना. मनात सारखा तो नळ वाहत होता. आपण दोन म्हाताऱ्या, शहराच्या दोन टोकांना, आणि मध्ये काय, तर चाकातील हवा. असल्या क्षुद्र वस्तूने माणसाला इतके लाचार करावे, याचे मला मनस्वी दुःख झाले, आणि ते दुःख मी कोणालाही दिसू दिले नाही. घरात सगळे माझ्याशी फार हळू बोलत होते, एवढे मात्र लक्षात आले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. समोरच्या वहिनी गॅलरीत होत्या.

“काकू, गाडी जरा बुटकी झाल्यासारखी वाटते का हो?”

“सवय झाली की वस्तू मोठी वाटेनाशी होते,” मी सांगितले.

आणि काय आश्चर्य. गाडी उसळली नाही. खड्डे आले आणि गेले. वळणावर ती किंचित डुलत होती, पण ते डुलणे एखाद्या सुखवस्तू माणसासारखे होते. मुलगा स्टिअरिंग फिरवताना दात आवळत होता; त्यालाही भरून आले असावे, असे मी समजले. बाहेरचा दाब अखेर चढला तर, मी म्हणाले. हवामानांविषयी माझे मत त्या सकाळी बरेच सुधारले होते.

ताई खुर्चीत, बॅग उंबऱ्याशी, सर्व मागच्यासारखेच. या खेपेस तिच्या बाजूच्या प्लास्टिकवर मी माझी शाल अंथरली. गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक आला. मी डोळे मिटले. काही झाले नाही. उघडले तेव्हा तो मागे गेला होता.

“गेला?” ताईने विचारले.

“गेला.”

तिचा चेहरा पडला. आनंदाने काही माणसांचा चेहरा असाही होत असेल, असा विचार मी केला. पुढे आणखी एक गतिरोधक आला आणि गेला.

“रस्ता नवा केला का रे इथला?”

“नाही, मावशी.”

“मग धक्के कुठे गेले?” असे म्हणून तिने बॅग मांडीवर ओढून घेतली आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. माझ्या मनात त्या वेळी केवळ विजय होता, आणि विजयी माणसाला शेजारच्याचे हात दिसत नाहीत.

मोठ्या रस्त्याला लागण्यासाठी मुलाने गाडी वळवली. पुढचे चाक फुटपाथच्या कडेला घासले. ओल्या गादीवर कोणी बसावे तसा आवाज आला, गाडी एका अंगावर कलली आणि थांबली. आम्ही उतरून पाहिले. टायर रिंगेवरून निसटून बाहेर आला होता आणि पायातून सुटलेल्या मोज्यासारखा पसरला होता. बाकीची तीन चाकेही जवळजवळ जमिनीला टेकली होती. स्टेपनी होती, परंतु ती एकच असते.

“हवा गेली कुठे?” मी विचारले.

रस्त्यावरून जाणारे लोक आमच्याकडे पाहत होते, हेही मला सहन करावे लागले.

“आई,” मुलगा चाकाकडे पाहत म्हणाला, “मी शुक्रवारी ऑफिसला जाताना थोडी काढली होती. चारी चाकांतली. अंदाजाने. तुझी अवस्था बघवत नव्हती.”

सूनबाईने त्याच्याकडे पाहिले. “तुम्ही काढली होतीत? सांगायचं तरी. मी काल दुपारी काढली. आई झोपल्या होत्या तेव्हा.”

“किती?”

“फुस्स आवाज बारीक होईपर्यंत.”

तेवढ्यात हवामानांचा फोन आला, प्रवास कसा चालला आहे हे विचारण्यासाठी. बोलता बोलता त्यांनी मुलाला सांगून टाकले, की वहिनींच्या, म्हणजे माझ्या, समाधानासाठी काल संध्याकाळी त्यांनी प्रत्येक चाकाचा दाब ‘किंचित समतोल’ केला होता. म्हणजे दाब चढला नव्हता. चढवली जात होते मी, हरभऱ्याच्या झाडावर.

माझ्याविषयी म्हणाल, तर मी हवा काढली नाही. शनिवारी काळोख पडायच्या आत मी खाली जाऊन विणकामाच्या सुईने चाकांची फक्त पाहणी केली. पाहणी करताना थोडी हवा जाते. हे त्या वेळी रस्त्यात सांगण्याची गरज मला वाटली नाही.

मात्र माझ्या घरातली माणसे माझ्याशी बोलण्याऐवजी चाकांशी बोलू लागली आहेत, हे मला त्या फुटपाथवर समजले. ते समजायला ती जागा चांगली नव्हती.

ताईला हाताला धरून मी तिच्या घरी परत नेले. कंबर दुखणाऱ्या बाईच्या मानाने ती फार भराभर चालली. घरात शिरताच तिने खुर्ची गाठली, डोळे मिटले आणि “हुश्श” म्हणाली. मुलगा आणि सूनबाई गाडीपाशी थांबली होती. ताईला अंगावर घ्यायला काहीतरी द्यावे म्हणून मी तिची बॅग उघडली.

आत एक उशी होती.

मी उशी बाहेर काढली. खाली हात घातला. बॅगेचा तळ लागला.

“ताई, हे काय आहे?”

तिने एक डोळा उघडला. “उशी.”

“आणखी?”

“अभ्रा आहे तिला.”

“तू येणारच नव्हतीस.”

“असं कसं? दोनदा बसले की गाडीत.”

“आणि आज धक्का बसला नसता तर?”

“बसला असता,” ताई शांतपणे म्हणाली. “गाडी कशीही असो. मला बसला असता.”

मी उशी घेऊन पलंगावर बसले. गाडी, शोरूम, ट्रेलर, टायवाले, आठवडाभर न झोपता काढलेल्या रात्री, हे सगळे एका उशीसाठी. मी रागावणार होते. राग आला नाही. त्याऐवजी थकवा आला, आणि तो कोठून सुरू झाला हे सांगता येईना.

“इथे एकटी पडलीस ते विसरलीस का?”

“पडले ती मी. तू कशाला सारखी पडतेस?” तिने माझ्या हातातील उशी काढून घेतली आणि जागेवर ठेवली. “धाकटे, या घरात मला डोळे मिटून दिव्याचं बटण सापडतं. तुझ्या घरी बटण कुणाला विचारून लावायचं? तिथे सगळे तुला विचारून बसतात नि तुला विचारून उठतात. मी आले तर मीही तुलाच विचारायचं?”

“तुला कोण विचारायला लावतंय?”

“फ्रिजवरचा कागद काढू देशील मला?”

प्रश्न विषयाला सोडून होता.

रविवार असल्यामुळे टायरचे दुकान बंद होते. गाडी लोटत लोटत ताईच्या दारासमोर आणून उभी केली. मुलगा आणि सूनबाई बसने परत गेली. मला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, ही गोष्ट मी ताईसमोर कबूल केली नसती, पण सूनबाईने ती परस्पर सांगून टाकली. ताईला फार आनंद झाला. “मग राहा की,” ती म्हणाली. “गाडीत हवा येईपर्यंत.”

हवा यायला बरेच दिवस लागले. सोलून निघालेला टायर दुरुस्त होईना; स्टेपनीवर मी प्रवास करत नाही; म्हणून नवा मागवावा लागला; आणि त्या गाडीचा टायर दुकानदाराला मिळेना, कारण हे मॉडेल अजून बाजारात पुरते उतरलेलेच नाही, असे त्याच्या संगणकाचे म्हणणे होते.

त्या दिवसांविषयी मी थोडक्यात लिहिते. आयुष्यात सर्वांना उभे राहायला लावणारी मी, ताईच्या घरात पाय पुसूनही दोनदा परत पाठवली गेले. “अगं, तो पंचा तिथे नाही टाकायचा.” “अगं, कांदा असा चिरतात का?” “अगं, हळू बोल, बाहेर ऐकू जातं.” या वयात मला मटार सोलण्याची पद्धत शिकवण्यात आली. मी शिकले. ताईची पद्धत चुकीची आहे, हे मत मी राखून ठेवले आहे.

सकाळी ताई न्हाणीघरात जाते. नळ सुरू झाला की मी हातातील पुस्तक मिटते. तो बंद झाला की उघडते. याविषयी आमच्यात कधी बोलणे झाले नाही. एके दिवशी तिने आतूनच विचारले, “कितवं पान?” मी म्हणाले, “तेच.”

शेवटी मुलगा नवा टायर घेऊन आला. या खेपेस त्याने बरोबर माणूस आणला होता, आणि हवा मोजण्याचे यंत्रही. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला आकडा पाहून त्यांनी चारी चाके अगदी बरहुकूम भरली. त्याच वेळी मुलाच्या खिशातला फोन वाजला. शोरूममधून होता. तो ऐकत राहिला आणि मग काहीशा थकलेल्या आवाजात मला म्हणाला, “आई, अभिनंदन करताहेत. आपली गाडी आली म्हणे. ट्रेलरवरून उतरली.”

“त्यांना सांग, आम्ही घरी नाही.”

त्याने फोन ठेवला. “चल आता. सगळं नीट झालंय. तुझी खोली, तुझं घड्याळ, सगळे वाट बघताहेत.”

ताई खिडकीत बसली होती. तिने मला राहा म्हटले नाही. तिने आयुष्यात कोणाला राहा म्हटलेले नाही. त्या रविवारी म्हटले ते हवेच्या निमित्ताने.

“निघतेस का?”

“निघते.”

“हवा बघून घे हो नीट,” ती म्हणाली. “घाई करू नकोस.” आणि उठून आत गेली.

मी गाडीपाशी गेले. पहिल्या चाकावर अंगठा दाबला. हवा बरोबर होती. ना टणक, ना ढिली, चाकात हवा असावी तर अशी. दुसरे चाक पाहिले, तिसरे पाहिले. चौथ्यापाशी वाकले तेव्हा आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

“आई, मी मोजलीय,” मुलगा म्हणाला. “अगदी आकड्याला आकडा.”

मी हाताने त्याला थांबवले. नळ वाहत होता. मी वाकलेलीच राहिले. कंबरेला कळ आली, तरी सरळ झाले नाही. नळ वाहतच होता, आणि मग बंद झाला. आत बादलीच्या कडीचा खणखणाट झाला आणि ताईचे बारीक खोकणे ऐकू आले.

मी उभी राहिले.

“हवा कमी आहे,” मी म्हणाले.

“आई, आत्ता तर…”

“कमी आहे म्हटलं ना. अशा गाडीतून मी येणार नाही.”

त्याने चाकाकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. टायर बसवायला आलेला माणूस काही बोलणार होता. मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“पुन्हा कधी बघू मग?”

“येत जा अधूनमधून. मी तपासून सांगेन. आणि येताना माझी हिरवी शाल आण, चष्म्याचं दुसरं घर आण.” तो गाडीत बसला तेव्हा सीटवरचे प्लास्टिक कुरकुरले. “आणि हे काढून टाका. सूनबाईला सांग, फ्रिजवरचंही काढलं तर चालेल.”

त्याने गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक ती अशी ओलांडून गेली, की जणू तेथे तो नव्हताच.

चाकातील हवेविषयी मला काहीही कळत नाही, असे इमारतीत बोलले जाते, ते त्या दिवसापासून. टायरवाल्या माणसाने जाता जाता समोरच्या वहिनींना गाठले असावे. मी खुलासा केलेला नाही. दर आठवड्याला मुलगा गाडी घेऊन येतो, मी बाहेर येते, चारी चाके अंगठ्याने दाबून पाहते, आणि नकारार्थी मान हलवते. ताई खिडकीतून विचारते, “काय गं, भरली का?”

“नाही अजून,” मी सांगते.

“कसल्या एकेक गाड्या काढतात,” ती म्हणते, आणि मटाराचे ताट माझ्या बाजूला सरकवते.